वाटेत काय दिसलं

धारवाड,
८ सप्टेंबर २०२४

चि. आश्लेषा,

आशीर्वाद तुला रोजचेच आहेत, ते कागदावर पुन्हा उतरवत बसत नाही. मुद्द्यावर येते. तू कॉलेजच्या लॅबमध्ये चक्कर येऊन पडलीस आणि रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली, असं तुझ्या आईने कळवलं. अठराव्या वर्षी. सकाळी काही न खाता बाहेर पडतेस, दुपारी बेकरीतले पफ, रात्री पाकिटातल्या शेवया, हे मी तिच्याकडून खोदून खोदून काढून घेतलं.

तुझ्या बाबाला जाऊन दोन वर्षं झाली. सुमंत माझ्या पाठचा. त्याला साखरेने कसं हळूहळू नेलं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. मला स्वतःला भीती वाटते म्हणून लिहिते.

मी बेंगळुरूतलं चामराजपेटचं घर सोडून लेकाकडे, प्रणीतकडे, धारवाडला आले ते तुला माहीत आहेच. फोनवर मला ऐकू येत नाही आणि प्रणीतने दिलेल्या मोबाइलला बोट लावलं की भलतंच काही उघडतं. म्हणून आपण पत्रं लिहू. माझ्या डॉक्टरांनी मलाही चालायला सांगितलं आहे. तू तिथे चाल, मी इथे चालते. अटी तीन. एक, चालून आल्याशिवाय पत्र लिहायचं नाही. दोन, पत्र स्वतः चालत जाऊन पेटीत टाकायचं. तीन, किती चाललीस, किती वजन, असले आकडे लिहायचे नाहीत. आकडे कोणीही ठोकून देतं. वाटेत काय दिसलं ते लिहायचं. जो घराबाहेर पडलाच नाही त्याला ते लिहिता येत नाही.

आणि जे खाल्लंस ते खरं लिही. मी रागावेन, पण तेवढ्यापुरतीच.

तुझी,
गोदूआत्या


पीण्या, बेंगळुरू,
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

आधी तक्रार. इथे पोस्टाची पेटी कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. वॉचमनने मला कुरियरवाल्याकडे पाठवलं, कुरियरवाल्याने मेडिकलवाल्याकडे. शेवटी पोस्ट ऑफिसच गाठलं. म्हणजे तुझी दुसरी अट पाळता पाळता पहिलीही पाळली गेली. हे तू ठरवून केलंस ना?

वाटेत काय दिसलं? आत्या, हे पीण्या आहे. कारखाने दिसले. प्रत्येक शेडच्या दारात लोखंडाचे कुरळे कीस पडलेले असतात, न्हाव्याच्या दुकानात केस पडतात तसे. तेलाचा वास येतो. ट्रक मागे घेताना एक माणूस मागे उभा राहून 'बा, बा, बा', म्हणजे ये, ये, करतो आणि त्याचा हात ट्रकपेक्षा जास्त हलतो. झाडं फार नाहीत. सुंदर काहीच नाही.

खाल्लेलं खरं लिहिते. परत येताना बेकरीत खारा बन खाल्ला. लोणी लावून. नंतर वाईट वाटलं, मग वाईट वाटलं म्हणून खोबरं भरलेल्या गोड दिलपसंदचा तुकडा घेतला. माझी रूममेट वेदिका म्हणते, सोमवारपासून सगळं बंद कर, साखर, मैदा, भात, सगळं. मी याआधी चार सोमवार असे केले आहेत. मंगळवारी परत सुरू होतं.

खरं सांगू का, मला चालायला लाज वाटते. सगळे बघतात असं वाटतं. आणि बाबांची आठवण येते. शेवटी शेवटी ते पॅसेजमध्ये भिंत धरून चालायचे.

तुझी,
आश्लेषा


धारवाड,
५ ऑक्टोबर २०२४

चि. आश्लेषा,

त्या 'बा, बा'वाल्याच्या हातावर मी खूप हसले. सुंदर काही नाही म्हणतेस आणि केवढं पाहून आलीस.

वेदिकेला सांग, सगळं एकदम सोडणारा सगळं एकदम धरतो. तू काहीच सोडू नकोस. फक्त आधी दुसरं काही खा. हॉस्टेलात कोसंबरी करता येते, त्याला गॅस लागत नाही. रात्री मूठभर मुगाची डाळ भिजत घाल, सकाळी काकडी चिर, लिंबू पिळ, मीठ. एवढं पोटात गेल्यावर मग खुशाल बेकरीत जा. पाय आपोआप कमी वळतील. मेसमध्ये सोप्पूची पातळ भाजी असते ना, ती आधी घे, भात नंतर. पालेभाजी बेचव असते म्हणून मुलं सोडतात, मला ठाऊक आहे. तरी घे.

आता माझं. सकाळी निघते. कोपऱ्यावर जयसिंगरावांची पिठाची गिरणी आहे, दारात दगडी बाक आहे, त्यावर पांढरं पीठ बसलेलं असतं. बसलं की लुगड्यावर शिक्का उठतो. पुढे वासंतीबाईंच्या शिवणवर्गाची पाटी आहे, वर्ग बंद झाला तरी पाटी कोणी काढली नाही. त्याच्यापुढे माझी आवडती जागा. एका घराचं कंपाऊंड बांधताना मालकाने तिथलं करंजाचं झाड तोडलं नाही, भिंतीलाच अर्धगोल खाच ठेवली. झाड त्या खाचेत मांडी ठोकून बसल्यासारखं उभं आहे. फुलं पडली की फूटपाथ जांभळा-पांढरा होतो. चंद्राबाई भाजीची टोपली घेऊन तिथे येते, मला दिसली की 'स्वल्प निधान अक्का' म्हणते, म्हणजे जरा सावकाश. मी सावकाशच जाते.

लाज वाटते म्हणतेस. लोक आपल्याकडे बघत नाहीत, बाळ. त्यांना त्यांची पडलेली असते. आणि सुमंत भिंत धरून चालत होता, पण चालत होता. तेवढंच मनात ठेव.

गोदूआत्या


पीण्या, बेंगळुरू,
१ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

मधल्या पत्रात कोसंबरीचं लिहिलं होतं, आता बातमी अशी की वेदिका माझी अर्धी कोसंबरी चोरून खाते. मी जास्त डाळ भिजवायला लागले आहे. सोप्पूची भाजी अजून आवडत नाही. घेते पण.

पण एक सांगायचं आहे. इंटर्नल परीक्षा होत्या. चालणं सुटलं. मग सुटलंच आहे तर जाऊ दे म्हणून शेवया परत आल्या, पफ आले, सगळे जुने पाहुणे आले. तुला लिहायचं म्हणून आज बाहेर पडले, आणि गेटपाशी रडायला आलं. वाटलं, मी बाबांसारखीच आहे. त्यांनाही सगळं कळायचं आणि जमायचं नाही.

वाटेत एक कुत्री दिसली. वेल्डिंगच्या शेडबाहेर ठिणग्या उडतात तिथेच ऊब घ्यायला बसते आणि ठिणगी आली की फक्त कान हलवते.

तू एकही दिवस चुकवत नाहीस का गं? तुझ्या पत्रात कधी चुकल्याचं नसतं.

आश्लेषा


धारवाड,
१२ जानेवारी २०२५

चि. आश्लेषा,

उत्तराला उशीर झाला. ताप होता, अंथरुणात होते. अक्षर वेडंवाकडं आहे ते चालवून घे, पाकिटावरचा पत्ता प्रणीतकडून लिहून घेतला आहे.

चुकलं म्हणजे तुटलं नाही. चुकलं की आपण दोन कामं वाढवून ठेवतो, एक रडायचं आणि एक पुन्हा सुरू करायचं. रडायचं काम तू गेटपाशी उरकलंस, बरं झालं. परीक्षेच्या दिवसांत सगळं जमणार नाही. तेव्हा नुसतं कोपऱ्यापर्यंत जाऊन ये. एखादा धागा हातात राहिला पाहिजे, बस.

तू बाबासारखी आहेस यात वाईट काय आहे? तो फार गोड माणूस होता. फक्त त्याच्यासारखं लपवू नकोस. मागे दिवाळीला आला होता तेव्हा पायात मोजे घालून पानावर बसला. आमच्याकडे मोजे घालून कोणी जेवायला बसत नाही. मी चेष्टा केली, नाशिकला जाऊन साहेब झालास म्हटलं. तोही हसला. आत जखम होती.

माझं चालणं ठीक आहे. करंजाला नवी पालवी आली आहे. जयसिंगरावांनी बाक पुसायला फडकं ठेवलं आहे, पण त्या फडक्यालाच इतकं पीठ आहे की काय सांगू.

गोदूआत्या


पीण्या, बेंगळुरू,
२३ फेब्रुवारी २०२५

आत्या,

आधी चांगलं. रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टर म्हणाल्या, साखर उतरली आहे, अशीच राहा. आकडा लिहीत नाही, तुझी अट आहे.

मला इतका आनंद झाला की म्हटलं आज वेगळीकडे चालू. बाबा लहानपणी राहिले ती गल्ली मी कधी पाहिलीच नव्हती. मेट्रोने मार्केटला उतरले आणि चामराजपेटला चालत गेले.

कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. दारात दगडी बाक. मी बसले, उठले, जीन्सवर पांढरा शिक्का. पुढे वासंतीबाईंच्या शिवणवर्गाची पाटी. मला वाटलं होतं मला आनंद होईल, पण मला थंडी वाजली. मग ती भिंत आली. अर्धगोल खाच आहे. झाड नाही, आत्या. बुंधासुद्धा नाही, वर सिमेंट ओतलं आहे.

मी परत गिरणीत गेले आणि जयसिंगरावांना नाव सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं.

'सुमंतची पोरगी का तू? सरी, सरी, बरं बरं. बस. अक्का कशी आहे? पाय काढल्यावर ॲम्ब्युलन्समधनंच धारवाडला नेली, भेट पण झाली नाही. आता कुबडी घेऊन तरी उठते का?'

मी म्हटलं, उठते.

आत्या, तू धारवाडला एकदा तरी चालली आहेस का?

आश्लेषा


धारवाड,
६ मार्च २०२५

आश्लेषा,

नाही.

डावा पाय गुडघ्याखालून गेल्या जूनमध्ये काढला. चामराजपेटहून मी चालत निघाले नाही, उचलून आणलं. तुझ्या आईला माहीत आहे, मीच तिला तुझी शपथ घातली. तिला बोल लावू नकोस.

तू लॅबमध्ये पडलीस तेव्हा मला अंथरुणात दुसरं काही सुचेना. तू बाबाचा पाय पाहिला होतास. त्यात माझाही कळला असता तर तू म्हणाली असतीस, आपल्या घराण्याचं असंच व्हायचं आहे, मग कशाला जीव मारायचा. मला तुझ्या तोंडी ते वाक्य नको होतं. माझ्या तोंडी ते होतं, मी वर्षानुवर्षं म्हणत आले. तुला सोबत लागत होती. म्हणून डोळे मिटून रोज आमच्या गल्लीतून फिरून यायचे आणि आलं की लिहायचे. वाटेतलं पाहिलेलं खोटं लिहिता येत नाही असं मी तुला सांगितलं होतं. मी खोटं लिहिलं नाही, फक्त जुनं लिहिलं. तरी ते खोटंच.

झाड कधी तोडलं? मला कोणी सांगितलं नाही. पायाइतकंच वाईट वाटलं म्हटलं तर तू हसशील.

रागाव माझ्यावर. पण चाल.

आत्या


पीण्या, बेंगळुरू,
२० एप्रिल २०२५

आत्या,

मी चाललेले नाही. तुझी अट मोडून लिहिते आहे.

बाबांनी मोजे घातले, तू पत्रं लिहिलीस, आईने तोंड बंद ठेवलं. सगळ्यांना मला वाचवायचं असतं आणि कोणालाच मला सांगायचं नसतं. मी इतके महिने उड्या मारत लिहीत होते, कुत्री दिसली, ट्रक दिसला, आणि तू पाय नसताना ते वाचत होतीस. मला माझीच शरम वाटते. तू एकही दिवस चुकवत नाहीस का, असं मी तुला विचारलं होतं.

आता मी फक्त झोपते. डाळ भिजवलेली आंबून गेली, वेदिकाने टाकली.

आश्लेषा


धारवाड,
३ मे २०२५

आश्लेषा,

बरोबर आहे तुझं. लपवणं आपल्या घरात साखरेसारखंच रक्तात आलं आहे. माझ्यापुरतं मी आजपासून बंद करते, तू लक्ष ठेव.

तर खरं लिहिते. उजव्या पायाच्या अंगठ्यालाही जखम आहे. भरत नाही. मूत्रपिंडाचंही डॉक्टर प्रणीतशी दाराबाहेर बोलतात, मला ऐकू येत नाही असं समजून, आणि खरंच येत नाही, पण त्याचा चेहरा दिसतो. मला भीती वाटते.

मी कुठून लिहिते तेही सांगते. पलंगावरून शेजारच्या गच्चीवरची काळी टाकी दिसते. रोज सकाळी ती भरून वाहते आणि कोणी बंद करत नाही. एक कावळा त्या धारेखाली अंघोळ करतो. झाली की पुन्हा एकदा करतो. धारवाडचं तळं चांगलं आहे म्हणतात, मी पाहिलं नाही. एवढंच माझं जग आहे आणि ते आज मी तुला खरं सांगितलं.

तुझी पत्रं वाचताना मला पाय नाही हे मी विसरत होते. ती शरम तू धरू नकोस, ते माझं सुख होतं. कुत्री, ठिणग्या, तो हात हलवणारा, सगळे मला भेटले. मला आता जास्त काही नको. तू बाहेर जा आणि मला सांग. आणि जायच्या आधी काहीतरी खा.

आत्या


पीण्या, बेंगळुरू,
१५ जून २०२५

प्रिय आत्या,

चालून आले आहे. आधी तेच लिहिते.

तुझं पत्र आल्यावर लगेच उठले असं नाही. आधी परीक्षेचं निमित्त मिळालं, मग पावसाचं. मग एका सकाळी कोपऱ्यापर्यंत गेले, तू सांगितलं होतंस तसं. दुसऱ्या दिवशीही तेवढंच. आता पुन्हा पोस्टापर्यंत जाते. डाळ भिजते आहे, वेदिका खाते आहे. ती सोमवारचं बोलत नाही हल्ली.

दर रविवारी चामराजपेटला जायचं ठरवलं आहे. तुझ्या वतीने. तू जुनं पाहिलंस, मी नवं पाहून सांगत जाईन. तर आजचं हे. जयसिंगरावांनी बाकावर प्लास्टिक घातलं आहे, आता शिक्का उठत नाही, मला आवडलं नाही, मी तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, 'अक्कानेच लिहून कळवलं असतं तर काढलं असतं.' तेव्हा तू त्यांना एक ओळ लिहीच.

वासंतीबाईंची पाटी आहे.

आणि करंजाच्या खाचेत आता चंद्राबाई बसते. तिला विचारलं, इथेच का? म्हणाली, झाड होतं तेव्हा सावलीला बसायची, झाड गेलं तशी त्याच्या जागेतच बसले, पाठीला भिंत बरी लागते. टोपली मांडीशी घेऊन ती त्या खाचेत अगदी मापात बसते. तिने तुला सोप्पूची जुडी पाठवली होती. पोस्टाने कशी पाठवू? मी मेसमध्ये शिजवून घेतली आणि खाल्ली. आवडली, आत्या. पहिल्यांदा खरंच आवडली.

कावळ्याचं कळव.

तुझी,
आश्लेषा


धारवाड,
१३ जुलै २०२५

चि. आश्लेषा,

तू आणि मामी आईच्या दिवसांना येऊन गेलात. घरात माणसं होती, तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवशी टपालात तुझं पत्र आलं. पावसाने की कशाने, वाटेत अडकलं होतं. आईला ते मिळालं नाही. हे तुला सांगू की नको असं करत मी इतके दिवस घालवले. पण आपल्याकडे आता लपवायचं नाही असं तिने तुला लिहून दिलं होतं, ते तू मला दाखवलंस, म्हणून सांगतो.

पाकीट फोडावं की नाही कळेना. शेवटी तुझी वहिनी, कल्पना, म्हणाली, तुम्ही वाचा, मोठ्याने वाचा. आईच्या खोलीत बसून वाचलं. खाचेत बसलेल्या चंद्राबाईपर्यंत आलो आणि पुढे वाचता येईना. बाकीचं कल्पनाने वाचलं.

आणखी एक. मार्चमध्ये ऑफिसच्या तपासणीत माझीही साखर निघाली. मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईचं सगळं चालू असताना काय सांगायचं, असं स्वतःला म्हणत होतो. तुझं पत्र वाचल्यावर कल्पनाला सांगितलं. ती रागावली. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने मुगाची डाळ भिजत घातली.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला हवं होतं आणि आईची अट मला माहीत होती. म्हणून आज सकाळी तळ्यावर गेलो. इतकी वर्षं इथे राहून पायी पहिल्यांदाच. फार चाललो नाही, अर्ध्यातून दम लागला. पाण्यात हिरवी पानं माजली आहेत. एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरायला घेऊन आले होते. कुत्रा वाटेतच बसला होता, उठायला तयार नव्हता, आणि ते शेजारी उकिडवे बसून त्याला कन्नडमध्ये समजावत होते, की डॉक्टरांनी तुला नाही, मला सांगितलं आहे, माझ्यासाठी तरी चल.

मला फार हसू आलं. हे आईला सांगायचं म्हणून भराभर घरी आलो. चपला काढल्या आणि सरळ तिच्या खोलीत गेलो. पलंग कालच उचलून ठेवला आहे. खिडकीतून ती टाकी वाहताना दिसत होती.

म्हणून तुला लिहितो आहे.

तुझा,
प्रणीतदादा